चौसष्ट धोके आणि एक किल्ली

गुणवंत खानझोडे यांना प्रशिक्षणाला पाठवण्याचं पत्र आलं तेव्हा त्यांनी ते तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर उलटून मागची बाजूही पाहिली. मागे काही नसतं हे त्यांना माहीत होतं. तरी पाहून घेतलेलं बरं.

पत्र साधंच होतं. दोन हजार बारा साल. त्यांच्या खात्यात नवा नियम झाला होता, की ज्या मधल्या फळीतल्या अधिकाऱ्याच्या हाती बांधकामाचा प्रकल्प आहे त्याने प्रकल्प व्यवस्थापनाचं बारा दिवसांचं निवासी प्रशिक्षण घ्यायचं, शेवटी परीक्षा द्यायची आणि प्रमाणपत्र आणायचं. प्रमाणपत्र नसेल तर एक एप्रिलपासून प्रकल्प काढून दुसऱ्याच्या हाती. जागा दिल्लीबाहेर सूरजकुंडच्या बाजूची एक संस्था, सुरुवात आठ ऑक्टोबरला. खाली चार नावं होती आणि खानझोड्यांचं तिसरं होतं.

"तिसरं का?" त्यांनी घरी बायकोला विचारलं. "वरिष्ठतेने लावली असती तर मी पहिला. इंग्रजी अक्षरांनी लावली असती तर दुसरा. तिसरा कुठल्या हिशेबाने?"

कुमुदताई बाल्कनीत रजयांना ऊन दाखवत होत्या. "चौथे नाही आलात ना," त्या म्हणाल्या. "बारा दिवस आयतं जेवण आहे. जाऊन या."

"आयतं कोणी उगाच देत नाही, अगं."

"मग डबा देऊ बांधून?"

बायको आपली थट्टा करते हे त्यांना लग्नानंतर सहा महिन्यांतच कळलं होतं. ती यात आणखी कोणाला सामील आहे का, एवढं मात्र अजून शोधायचं राहिलं होतं.

त्यांचा स्वभावच तसा. उमरेडच्या शाळेत मास्तरांनी एकदा पैकीच्या पैकी मार्क दिले, तर हा मुलगा पेपर घेऊन परत गेला आणि विचारता झाला, सर, तपासलात ना? नागपूरला डिप्लोमा करून पंच्याऐंशी साली ते दिल्लीत ज्युनियर इंजिनिअर म्हणून लागले, आणि सरकारी नोकरीने या स्वभावाला चांगलं खतपाणी घातलं. फाइल हातात आली की आधी पानं मोजायची, मग वाचायची. साहेबांनी 'चर्चा करा' असं लिहिलं, तर चर्चा करून आल्यावर काय बोलणं झालं ते आपल्या अक्षरात खाली लिहायचं, तारीख आणि वेळ घालून. म्हणजे साहेबांना विसरायची सोय नाही. शिवाय प्रत्येक महत्त्वाच्या कागदाची झेरॉक्स घरी. मुनिरकाच्या बाजारात विद्यार्थ्यांच्या नोट्स काढून देणारा जो झेरॉक्सवाला होता, तो समजत असे की हे गृहस्थ वीस वर्षं पीएचडी करताहेत. रामकृष्णपुरमच्या त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये एक दिवाण होता, त्याच्या पोटात हे सगळे गठ्ठे. म्हणून रजया बाल्कनीतल्या ट्रंकेत, आणि दर ऑक्टोबरात त्यांना कुबट वास. हे कागद लागणार तरी कधी, असं कुमुदताईंनी एकदा विचारलं होतं. "लागू नयेत म्हणूनच ठेवलेत," असं उत्तर मिळालं. सत्तावीस वर्षांत त्यांच्यावर एकही ठपका आला नव्हता, हेही सांगितलं पाहिजे.

पण या वेळी प्रश्न ठपक्याचा नव्हता. खानझोड्यांच्या हातात एक धर्मशाळा होती. दक्षिण दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी इस्पितळाच्या आवारात रोग्यांच्या नातेवाइकांसाठी चार मजले, दोनशे खाटा. रोगी आत असतो. त्याच्याबरोबर बिहारहून, बुंदेलखंडातून, आपल्या विदर्भातूनही आलेलं माणूस बाहेर फुटपाथवर झोपतं. दिल्लीची थंडी ज्याने फुटपाथवर काढली नाही त्याने तिच्याबद्दल बोलू नये. शहाऐंशीच्या डिसेंबरात खानझोड्यांचे वडील हृदयाच्या झडपेसाठी एकोणीस दिवस इस्पितळात होते, आणि आई, भीमाबाई, एकोणीस रात्री बाहेरच्या भिंतीला पाठ लावून होती. खानझोडे तेव्हा मुनिरकात चार जणांत एक खोली घेऊन राहत. तिथे आईला कुठे नेणार? त्यांनी तिला नवं कांबळं आणून दिलं होतं. पाचव्या दिवशी ती नळावर गेली, जाताना शेजारच्या बाईला 'जरा बघा' म्हणून सांगून गेली, आणि परत आली तर कांबळंही नाही आणि शेजारीणही नाही. कोणी म्हणेल, मुलगा त्यातूनच शंकेखोर झाला. तसं काही नाही. तो आधीपासूनच होता, शाळेतली गोष्ट वर सांगितलीच आहे. पण ते कांबळं त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. धर्मशाळेचं काम खात्यात आलं तेव्हा ते आपण होऊन मागणारे ते एकटेच निघाले. ही थंडी पडायच्या आत ती उघडायची, आणि आपल्या हाताने उघडायची, एवढं एकच त्यांना हवं होतं.

इमारत उभी होती. रंग झाला होता, खाटा येऊन पडल्या होत्या. राहिली होती ती आगीच्या सुरक्षेची तपासणी. तिच्यासाठी जुलैत अर्ज गेला होता आणि तारीख यायची होती. आणि नेमकं आत्ताच प्रशिक्षण. सरळ माणसाला यात योगायोग दिसला असता. खानझोड्यांना यात उल्हास प्रधान दिसला.

उल्हास प्रधान त्यांच्याच खात्यातला, त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान. करोलबागेत जन्मलेला, त्यामुळे मराठी बोलता बोलता कधी हिंदीत उतरायचा ते त्याचं त्यालाही कळत नसे. हसतमुख, कामाला चपळ, सगळ्यांशी गोड. खानझोड्यांच्या मते या तिन्ही गोष्टी एकाच माणसात असणं काही खरं नव्हतं. सरकारी पद्धत अशी, की एखादा अधिकारी बाहेर गेला की त्याचं टेबल सांभाळायला दुसरा नेमलेला असतो. त्याला लिंक ऑफिसर म्हणतात. खानझोड्यांचा लिंक ऑफिसर उल्हास. बारा दिवस धर्मशाळा त्याच्या हाती. त्यात तपासणी झाली, दरवाजा उघडला, तर फीत कापताना साहेबांच्या शेजारी उभा कोण राहणार?

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी कारभार सोपवला. अकरा फाइली, त्यांची यादी, यादीवर दोघांच्या सह्या.

"सर, मंजूर नकाशे?" उल्हासने यादीवर बोट फिरवत विचारलं. शिक्के मारलेल्या नकाशांचा मूळ संच एकच होता आणि तपासणीला तोच लागतो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"कपाटात आहेत."

"अच्छा. मग किल्ली?"

"लागणार नाही. मी बावीस तारखेला येतोच आहे."

"और बीच में कुछ आ गया तो?"

"तीन महिन्यांत आलं नाही, ते बारा दिवसांत काय येणार, उल्हासराव?"

उल्हास हसला आणि "बिल्कुल, सर," म्हणाला. त्या रात्रीच्या डायरीत खानझोड्यांनी नोंद केली: 'प्रधानने किल्ली मागितली. का?' लोखंडी कपाटाची ती किल्ली त्यांच्या बनियनच्या चोरखिशात होती. तो खिसा कुमुदताईंनी शिवून दिला होता, अर्थात चार गोष्टी ऐकवून.

संस्था झकपक होती. आल्याबरोबर प्रत्येकाला पिशवी, पेन आणि गळ्यात अडकवायचं नाव मिळालं. पहिल्याच तासाला एक फॉर्म वाटला: 'आपल्या प्रकल्पातल्या अडचणी मोकळेपणाने लिहा. माहिती गोपनीय राहील.' गोपनीय राहील हे वाचल्यावर खानझोड्यांची खात्रीच पटली, की हा कागद संध्याकाळपर्यंत दक्षता विभागात पोचणार. त्यांनी मोकळेपणाने लिहिलं, 'अडचण नाही.' खाली सही केली नाही.

शिकवायला सबरवाल मॅडम होत्या, रेल्वेतून निवृत्त झालेल्या, उंच, चष्मा डोक्यावर चढवून बोलणाऱ्या. त्या एकेक तक्ता फळ्यावर दाखवत. कामाचे तुकडे कसे पाडायचे, कुठलं काम कुठल्या कामासाठी अडतं. खानझोड्यांना हे सगळं येत होतं. त्याला इतकी नावं असतात हे माहीत नव्हतं. ज्या गोष्टीला माणूस सत्तावीस वर्षं 'जरा बघून घेतो' म्हणत आला, तिला इंग्रजीत चार शब्दांचं नाव असावं याचा त्यांना संशय येई. पण खोटं कशाला सांगा, त्यांना मजाही वाटू लागली होती.

खोलीत त्यांच्याबरोबर शहाजी मोहिते म्हणून गृहस्थ होते. साताऱ्याकडचे, फौजेत सुभेदार होते, आता छावणीच्या बांधकामांवर देखरेख करायचे. पहाटे पाचला उठून जोर काढायचे आणि उरलेला दिवस हसायचे. खानझोडे अंघोळीलाही बनियन बरोबर घेऊन जातात हे त्यांनी दुसऱ्याच दिवशी हेरलं.

"त्यात काय एवढं हाय, साहेब?" त्यांनी विचारलं.

"कपाटाची किल्ली."

"कुठल्या? घरच्या?"

"ऑफिसच्या."

मोहित्यांनी थोडा विचार केला. "मग हितं का?"

खानझोडे म्हणाले, अशीच. आणि हा माणूस इतक्या चौकशा का करतोय, हे त्यांच्या डोक्यात घोळत राहिलं.

दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारी दुपारी उल्हासचा फोन आला. "सर, कमाल हो गया. फायरवाल्यांचं पत्र आलं. गुरुवारी, अठराला, सकाळी अकराला तपासणी. नकाशे लागतील. किल्ली कशी पाठवता?"

खानझोडे व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तीन महिने हूं की चूं नाही, आणि आपली पाठ वळल्याबरोबर पत्र. "मला पत्र बघायला हवं," ते म्हणाले. "फॅक्स करा."

"करतो की. पण सर, वेळ कमी आहे. तुम्ही म्हणाल तर मी स्वतः येतो तिकडे, तासाभराचा तर रस्ता आहे."

स्वतः येतो. इतकी घाई? आधी फॅक्स करा, एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

फॅक्स मंगळवारी संध्याकाळी संस्थेच्या कार्यालयात आला. खानझोड्यांनी तो उजेडात धरून पाहिला. मजकूर होता, सही होती, गोल शिक्काही होता. पण जावक क्रमांक नव्हता. पत्र कुठल्याही कचेरीतून बाहेर पडताना त्याच्या माथ्यावर जो आकडा पडतो, तो आकडा नव्हता. सरकारी कागदावर जावक क्रमांक नसेल तर तो कागद कागदच नाही, हे खानझोड्यांनी पंच्याऐंशी साली शिकलेलं पहिलं सत्य. टाईप करून शिक्का मारायला काय लागतं? त्यांनी फॅक्सची घडी केली आणि डायरीत ठेवली. पुरावा म्हणून.

झाल्या गोष्टीबद्दल आपण आज त्यांना हसू शकतो. पण फॅक्सचं मशीन कागदाची वरची पट्टी खाऊन टाकतं, हे त्या संस्थेच्या शिपायालासुद्धा माहीत होतं. खानझोड्यांनी त्याला विचारलं नाही. इतक्या शंका असलेला माणूस एक साधा प्रश्न विचारत नाही, याचा मला राग येतो.

बुधवारी उल्हासचा फोन आला, तो त्यांनी घेतला नाही. रात्री मोहित्यांना मात्र सगळं सांगितलं, नावं गाळून. मोहिते पलंगावर मांडी घालून ऐकत होते.

"एक इचारू?" ते म्हणाले. "उद्या तुम्ही खपलात, तर किल्ली कुणाला घावायची?"

"मी कशाला खपतोय?"

"आमच्याकडं सगळ्यांना हेच वाटायचं. म्हणून तर दुसऱ्याला दाखवून ठेवायचा हुकूम असतो."

खानझोड्यांनी दिवा मालवला. मोहिते आणि प्रधान एकमेकांना ओळखत असतील का, असा विचार करत ते बराच वेळ जागे होते.

गुरुवार उजाडला. त्या दिवशीचा पाठ होता धोक्यांच्या नोंदवहीचा. मॅडमनी प्रत्येकाला तक्ता दिला: आपल्या प्रकल्पात काय काय बिघडू शकतं, किती शक्यता, परिणाम काय, आणि शेवटच्या रकान्यात त्या धोक्याचा धनी कोण, म्हणजे तो सांभाळायची जबाबदारी कोणाची. दीड तास दिला. लोकांनी आठ लिहिले, दहा लिहिले, मोहित्यांनी बारा लिहून बडीशेप चघळली. खानझोडे मान खाली घालून लिहीत होते. ठेकेदार सिमेंट बदलेल. लिफ्टवाला दिवाळीत गावी जाईल. इस्पितळाचं प्रशासन तळमजला औषधांच्या गोदामाला मागेल. पाण्याची जोडणी कागदावर होईल आणि नळाला येणार नाही. लिंक ऑफिसर श्रेय घेईल. त्यांनी पुरवणी मागितली, आणि मग आणखी एक. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांना सांगत होतं, घ्या संशय, जितका हवा तितका घ्या.

अकराच्या सुमाराला त्यांच्या खिशातला फोन थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. त्यांनी खिशावर हात दाबून धरला आणि एकोणचाळिसावा धोका लिहिला.

त्यांचे चौसष्ट झाले. सबरवाल मॅडमनी तक्ता हातात घेतला, चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला आणि उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचला. "चौदह साल से पढ़ा रही हूँ," त्या वर्गाला म्हणाल्या, "ऐसा रजिस्टर नहीं देखा." टाळ्या झाल्या. खानझोड्यांचे कान लाल झाले. आईची आठवण झाली, त्यांना वाटलं, तिने हे बघायला हवं होतं. मग मॅडमनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "खानझोडेजी, चौंसठ में से एक भी आपके नाम पर नहीं?"

"मॅडम," खानझोडे म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले, "मैंने कभी मौक़ा ही नहीं दिया."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. तक्ता परत देताना म्हणाल्या, "एक लाइन ख़ाली रखिएगा."

शनिवारी परीक्षा झाली. चार उत्तरांतलं एक निवडायचं होतं. 'वरील सर्व' हे उत्तर खानझोड्यांनी एकदाही निवडलं नाही, कारण ज्यात सगळंच बरोबर आहे त्यात काहीतरी गोम असणार. त्यात त्यांचे तीन प्रश्न गेले. तरी ते वर्गात दुसरे आले. जाड कागदाचं, सोनेरी कडेचं प्रमाणपत्र मिळालं. त्यावर आपलं नाव बरोबर लिहिलंय का ते त्यांनी अक्षर अक्षर लावून पाहिलं. बरोबर होतं.

सोमवारी ते ऑफिसात गेले, कपाट उघडून नकाशे जागेवर असल्याची खात्री केली आणि मगच खुर्चीत बसले. समोर धर्मशाळेची फाइल होती. वरच्याच पानावर उल्हासची टिपणी: तपासणी अठरा ऑक्टोबरला होऊ शकली नाही, कारण मंजूर नकाशे उपलब्ध झाले नाहीत, कपाटाची किल्ली प्रशिक्षणावरच्या अधिकाऱ्यांकडे होती, त्यांच्याकडे ती तीन वेळा मागितली, गुरुवारी पथक साडेअकरापर्यंत थांबून परत गेलं. प्रत्येक फोनची तारीख आणि वेळ होती. खानझोड्यांना आधी रागच आला. मग टिपणीखाली लावलेलं मूळ पत्र दिसलं. अगदी वर, कागदाच्या माथ्यावर, निळ्या शाईत जावक क्रमांक होता. स्पष्ट, वाचता येईल असा.

त्यांनी डायरीतला फॅक्स काढून त्या पत्रावर ठेवला. दोन बोटं रुंदीची पट्टी कमी होती.

उल्हास टेबलाशी आला नाही. त्यापुढे खानझोड्यांनी नवी तारीख मागायला सहा खेपा घातल्या. सगळीकडून एकच उत्तर: पथकाच्या तारखा लागलेल्या आहेत. मिळाली ती नऊ जानेवारी.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वरून फाइल आली, त्यावर एकच ओळ: विलंबाचं कारण व जबाबदारी लिहा. असल्या ओळीला उत्तर देणं हा खानझोड्यांचा डाव्या हाताचा मळ. रविवारी दिवाण उघडून, गठ्ठे काढून त्यांनी कच्चा खर्डा केला. अर्जाला तीन महिने उत्तर नव्हतं. पत्र अपुऱ्या अवधीत आलं. फॅक्सवर जावक क्रमांक नव्हता, प्रत सोबत जोडली आहे. अधिकारी सक्तीच्या प्रशिक्षणावर होता. चार मुद्दे, चारही खरे. कोणीही त्यांना हात लावू शकलं नसतं.

सोमवारी सकाळी ऑफिसला जाण्याआधी ते साइटवर गेले. पाचवा मुद्दा मिळतो का ते बघायला. सात वाजले होते, धुकं इतकं दाट की इस्पितळाचं फाटक जवळ गेल्यावरच दिसलं. धर्मशाळा चार मजले पांढरी उभी होती, खिडक्यांच्या काचांवरचे कागदही अजून निघाले नव्हते. तिच्या कुंपणाच्या भिंतीला लागून माणसं झोपली होती, ओळीने, प्लास्टिकच्या कागदाखाली, पोत्यांखाली. खानझोडे मोजायला लागले, सवय. साठाच्या पुढे त्यांनी मोजणं सोडलं.

एक म्हातारी उठून बसली होती, अंगाभोवती साडीवर साडी गुंडाळलेली. तिच्यापाशी ते थांबले. "किसके साथ आई हैं, अम्मा?"

तिने पहिलं काम केलं ते गाठोडं मांडीखाली ओढून वर हात ठेवला. "काहे पूछत हो? हटावे आए हो?"

"नहीं, नहीं. मैं इस बिल्डिंग का काम देखता हूँ."

तिने मान वळवून इमारतीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "ई तो बन गई है. खुलत काहे नहीं?"

"एक जाँच बाक़ी है."

"कौन रोके है?"

चार मुद्दे खिशात होते. खानझोडे तिथे उभे राहिले आणि त्यांना त्यातला एकही उच्चारता येईना. म्हातारीने उत्तराची वाट पाहिली, मग असल्या माणसांकडून उत्तर येत नाही हे ठाऊक असल्यासारखी ती दुसरीकडे पाहू लागली. गाठोड्यावरचा हात तिने काढला नाही. हा माणूस जाईपर्यंत तो काढायचा नाही, हे उघड होतं. खानझोड्यांना शरम वाटली. इतकी शरम त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. दोनशे खाटा, आणि आज सतरा डिसेंबर. त्यांच्या आईचं कांबळं नेणारीने एका बाईचं एक कांबळं नेलं होतं.

ऑफिसात जाऊन त्यांनी प्रशिक्षणाची पिशवी काढली. तक्त्याची खालची ओळ रिकामी होती. तिथे त्यांनी पासष्टावा धोका लिहिला: 'अधिकारी किल्ली घेऊन जाईल.' धनी या रकान्यात आपलं नाव लिहिलं. मग खर्डा बाजूला सारून फाइलवर स्वतःच्या अक्षरात टिपणी लिहिली, ती इथे देतो; तिच्यातला अधोहस्ताक्षरी म्हणजे खाली सही करणारा, ते स्वतः. 'तपासणी ठरली होती. मंजूर नकाशे अधोहस्ताक्षरीच्या कपाटात होते. किल्ली अधोहस्ताक्षरीने सोबत नेली. लिंक ऑफिसरने ती तीन वेळा मागितली. अधोहस्ताक्षरीने दिली नाही. विलंबास दुसरे कोणीही जबाबदार नाही.' सही, तारीख, वेळ. झेरॉक्स काढली नाही.

यावर खात्यात खळबळ उडाली, पण खानझोड्यांना वाटली होती तशी नाही. डायरेक्टर साहेबांनी बोलावून दार लावून घेतलं. "खानझोडेजी, इसमें चाल क्या है?" चाल काही नाही म्हटल्यावर साहेब अधिकच सावध झाले, टिपणी वकिलाला दाखवून घेऊ म्हणाले. कोणी म्हणालं, याला दुसरीकडे बदली हवी असणार. कोणी म्हणालं, यात मोठा मासा अडकवायचा बेत आहे, हा आमिष लावतोय. घरी कुमुदताईंनी ऐकून घेतलं, कपाळावर हात ठेवून ताप आहे का पाहिलं, आणि मग त्यांच्या शेजारी बसून राहिल्या. त्या एकट्यांनीच विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खानझोडे उल्हासच्या टेबलाशी गेले. चोरखिशातून किल्ली काढून त्याच्यासमोर ठेवली.

"ही आता तुमच्याकडे ठेवा, उल्हासराव. नऊ तारखेला मी असेन किंवा नसेन."

उल्हासने किल्लीकडे पाहिलं. हात लावला नाही. "सर, सच बताऊं? तुमची नोट वाचून मला वाटलं, काहीतरी खेळी आहे. माझ्या नोटची हवा काढायला."

"खेळी नाही."

"हां, वो तो आप कह रहे हैं." तो हसला नाही. हा माणूस न हसता कसा दिसतो हे खानझोडे पहिल्यांदाच पाहत होते. "बुरा मत मानना, सर. किल्ली दिली असं एका कागदावर लिहून द्याल? उद्या काही झालं तर..."

खानझोड्यांनी त्याच्याच टेबलावरचा कागद ओढला. एक किल्ली, कपाटाचा नंबर, अठरा डिसेंबर, अकरा वाजून वीस मिनिटं. सही केली. उल्हासने कागद वाचला. पुन्हा वाचला. मग उलटून मागची बाजू पाहिली.

मागे काही नव्हतं. सत्तावीस वर्षं या मजल्यावर खानझोड्यांनी हीच विद्या शिकवली होती. तिचं प्रमाणपत्र कोणी देत नव्हतं, पण पोरगा चांगल्या मार्कांनी पास झाला होता. त्यांना राग आला नाही. छातीत मात्र काहीतरी दुखलं, किल्ली जिथे असायची त्याच्या जवळपास.

उल्हास मशीनवर जाऊन झेरॉक्स काढून आला. "मूळ कागद फाइलला लावतो," तो म्हणाला. "आणि ही कॉपी मी घरी ठेवतो, सर."

"ठेवा," खानझोडे म्हणाले, आणि आपल्या टेबलाकडे गेले.